पेंग देहुआई: एका पत्रापायी पद गमावलेले चीनचे संरक्षणमंत्री – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कम्युनिस्ट राजवटींमध्ये वर चढलेली आणि एका फटक्यात खाली आलेली माणसं अनेक. पेंग यांचं प्रकरण वेगळं आहे. ते पैसे खाताना सापडले नाहीत आणि सत्ता बळकावायलाही निघाले नव्हते. सरकारी मोहिमेत काय चुकतंय, एवढंच त्यांनी नेत्याला, माओ त्से-तुंग यांना, खासगी पत्रातून कळवलं. त्यांना हटवल्यानंतर लोक उपासमारीनं कोटींच्या संख्येनं मेले. हा विषय वाचणारे सहसा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

पेंग देहुआई नेमके कोण होते?

चिनी जनमुक्ती सेनेचे सेनानी, कोरिया युद्धातल्या चिनी फौजेचे सरसेनापती, १९५४ पासून चीनच्या लोकसत्ताक राज्याचे पहिले संरक्षणमंत्री आणि उपपंतप्रधान. १९५५ मध्ये दहा जणांना मार्शल हा सर्वोच्च लष्करी हुद्दा मिळाला. त्या यादीत चू तेह यांच्यानंतर दुसरं नाव पेंग यांचं होतं. सप्टेंबर १९५९ मध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये ते कैदेत असतानाच वारले.

ते कुठून आले? घरची परिस्थिती कशी होती?

जन्म २४ ऑक्टोबर १८९८, हुनान प्रांतातल्या शियांगतान तालुक्यात. माओ त्से-तुंगही याच तालुक्याचे. पण माओंच्या वडिलांची शेती होती, धान्याचा व्यापार होता. पेंग यांच्या घरात आई लवकर गेली, धाकटा भाऊ भुकेनं दगावला आणि म्हाताऱ्या आजीला भीक मागायला बाहेर पडावं लागलं. पेंग स्वतःही मागायला गेले होते. पुढे कोळशाच्या खाणीत कोवळ्या वयात काम केलं, तुंगथिंग सरोवराच्या बांधावर माती वाहिली आणि १९१६ मध्ये पोटासाठी हुनानच्या फौजेत भरती झाले.

ही माहिती पाठ असली की पुढचं सगळं उलगडतं. रिकाम्या कणगीचा अर्थ या माणसाला अहवाल वाचून शिकावा लागला नव्हता.

माओंशी त्यांचं पहिल्यापासूनच वाकडं होतं का?

नाही. १९२८ च्या एप्रिलमध्ये ते गुपचूप पक्षात आले, २२ जुलैला फिंगच्यांग इथे आपली रेजिमेंट घेऊन त्यांनी बंड केलं आणि वर्षअखेरीला चिंगकांग डोंगरात माओंच्या फौजेला जाऊन मिळाले. तिथून ३० वर्षं दोघांचा मार्ग एकच होता. लाँग मार्च, म्हणजे कम्युनिस्ट फौजेची हजारो किलोमीटरची माघार, संपत आला तेव्हा, १९३५ मध्ये, पाठीवर आलेलं घोडदळ पेंग यांनी परतवलं. माओंनी त्यावर चार ओळींची कविता केली आणि तिच्या शेवटी पेंग सेनापतींचं नाव गुंफलं. पेंग यांनी ते नाव खोडून तिथे ‘लाल सेना’ लिहिलं आणि कागद परत पाठवला, असं त्यांनी स्वतः नमूद केलं आहे.

खटके मात्र उडत होते. पेंग तोंडाचे फटकळ होते, आवाज चढवून भांडायचे. १९४० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जपान्यांविरुद्ध ‘शंभर रेजिमेंटची मोहीम’ उघडली. तिच्यात रेल्वेमार्ग आणि खाणी उद्ध्वस्त झाल्या, पण जपान्यांनी त्याचा भयानक सूड उगवला. १९४५ मध्ये येनानला, पक्षाच्या त्या वेळच्या मुख्य तळावर, पक्षाच्या बैठकीत या मोहिमेवरून आणि इतर अनेक गोष्टींवरून पेंग यांना अनेक दिवस टीकेनं झोडपण्यात आलं. ती जखम त्यांच्या मनातून गेली नाही. १४ वर्षांनी, भलत्याच क्षणी, ती तोंडातून बाहेर पडली.

कोरियात फौज घेऊन जायला पेंगच का निवडले गेले?

कारण आधी ज्यांचा विचार झाला, ते गेले नाहीत. सेनानी लिन बिआव यांचं नाव पुढे आलं होतं, त्यांनी प्रकृतीचं कारण सांगितलं. ४ ऑक्टोबर १९५० ला पेंग यांना शीआनहून विमानानं पेकिंगला (आजचं बीजिंग) बोलावून घेतलं. रात्री हॉटेलातल्या मऊ स्प्रिंगच्या गादीवर त्यांना झोप येईना, म्हणून ते खाली गालिच्यावर जाऊन आडवे झाले. तिथेही विचार करत रात्र गेली. दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनी युद्धात उतरण्याच्या बाजूनं मत दिलं.

१९ ऑक्टोबरला चिनी फौज यालू नदी ओलांडू लागली. पेंग स्वतः मुख्य फौजेच्या आधीच मोजक्या माणसांसह पलीकडे गेले होते. जगातल्या सर्वांत बलाढ्य लष्कराला त्यांनी ३८ अक्षांशाच्या, म्हणजे दोन कोरियांना विभागणाऱ्या रेषेच्या, खाली रेटलं, पण रसद पुरत नव्हती आणि सैनिक थंडीनं गारठून मरत होते. फेब्रुवारी १९५१ मध्ये ते तडक पेकिंगला आले. माओ झोपले होते. पेंग पहारेकऱ्यांना न जुमानता आत घुसले आणि हे युद्ध झटपट जिंकता येणार नाही, हे तोंडावर सांगून मोकळे झाले, असं सांगतात. माओंनी ते ऐकून घेतलं. हा प्रसंग लक्षात ठेवावा, पुढे १९५९ च्या लुशान इथल्या पक्षबैठकीत, जिथे पेंग यांचं पद जायची वेळ आली, त्याची आठवण येते.

२७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली. चिनी स्वयंसेवक फौजेतर्फे सही पेंग यांची आहे.

माओंचा मुलगा पेंग यांच्या छावणीत मारला गेला. पुढच्या सगळ्याचं खरं कारण तेच का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. २५ नोव्हेंबर १९५० ला अमेरिकी विमानांनी पेंग यांच्या मुख्यालयावर नापाम (आगलावे बॉम्ब) टाकला, त्यात माओ आनयिंग गेला. तो दुभाषा आणि सचिव म्हणून तिथे होता. इतर सैनिकांप्रमाणे त्यालाही कोरियाच्या मातीतच ठेवावं, असं पेंग यांनी सुचवलं आणि माओंनी ते मान्य केलं.

या मृत्यूचा राग माओंनी मनात धरला, असं मानणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. १९५० नंतर चार वर्षांनी याच माणसाला संरक्षणमंत्री केलं, पाच वर्षांनी मार्शल केलं. लुशानला माओंच्या बोलण्यात पुत्रवियोगाचा उल्लेख आला खरा, पण भांडण धान्याचं, सत्तेचं आणि चूक कोणाची याचं होतं. घरगुती दुःखाकडे बोट दाखवलं की राजवटीचा दोष झाकला जातो.

संरक्षणमंत्री म्हणून त्यांनी काय केलं?

गनिमी काव्यानं वाढलेल्या फौजेला त्यांनी नियमित सैन्याचं रूप दिलं. हुद्दे, ठरलेले पगार, सक्तीची भरती, लष्करी शाळा यांतलं बरंचसं सोव्हिएत नमुन्यावर होतं. व्यक्तिपूजेचा त्यांना मनापासून तिटकारा होता. १९५६ च्या आठव्या पक्ष काँग्रेसमध्ये पक्षाच्या घटनेतून ‘माओ विचार’ हे शब्द वगळले गेले, त्यामागे पेंग यांची सूचना असल्याचं सांगितलं जातं. पुढे हेही त्यांच्या खात्यावर मांडलं गेलं.

१९५८ मध्ये काय चुकत होतं आणि ते पेंग यांना कसं कळलं?

‘मोठी झेप’, म्हणजे शेती आणि उद्योगांचं उत्पादन झटपट वाढवण्याची माओंची मोहीम, सुरू झाली होती. शेतकऱ्यांच्या जमिनी कम्यूनमध्ये, म्हणजे मोठ्या सामुदायिक शेतीसंस्थांत, गेल्या, घरची चूल बंद होऊन सगळे सामुदायिक भोजनशाळेत जेवू लागले. पोलादाचं उत्पादन एका वर्षात दुप्पट, म्हणजे १ कोटी ७ लाख टन करायचं ठरलं. गावोगाव मातीच्या भट्ट्या उभ्या राहिल्या, ९ कोटी माणसं त्यांना जुंपली गेली. कढया, कुलपं, दारांच्या कड्या वितळवून जे निघालं, ते बहुतेक निरुपयोगी लोखंड होतं. इकडे पीक चांगलं आलं होतं, पण कापायला शेतात हात नव्हते.

आकडे मात्र आभाळाला भिडले. प्रत्येक कम्यून शेजारच्यापेक्षा जास्त पीक सांगे, तालुका त्यात भर घाली, प्रांत आणखी भर घाली. १९५८ चं धान्य ३७.५ कोटी टन झाल्याचं जाहीर झालं. खरा आकडा २० कोटी टनांच्या आसपास होता. सरकारी लेव्ही ठरली ती फुगवलेल्या आकड्यावर. म्हणजे नसलेल्या धान्याचा हिस्सा असलेल्या धान्यातून उचलला गेला.

त्या वर्षाच्या अखेरीस पेंग आपल्या मुलखात गेले. शियांगतानमध्ये गावच्या लोकांनी त्यांना खरं काय ते सांगितलं. फिंगच्यांगला, जिथे त्यांनी ३० वर्षांपूर्वी बंड केलं होतं, तिथल्या प्रदर्शनात दोन वर्षांच्या उत्पन्नाचे आकडे मांडले होते. पेंग यांनी चौकशी केली तेव्हा कळलं की आकडे चक्क अदलाबदल केले आहेत: १९५७ चं जास्तीचं पीक १९५८ च्या नावावर आणि १९५८ चं कमी पीक १९५७ च्या नावावर. कागदावर प्रगती झाली होती.

त्यांनी लगेच वर कळवलं की ६ कोटी टनांची लेव्ही लोकांना झेपणार नाही, ती ४.५ कोटी टनांवर आणावी. हे पत्राच्या सात महिने आधीचं आहे. पेंग यांनी लुशानला अचानक बॉम्ब टाकला, असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

लुशानला पत्र लिहायची वेळ का आली? समोरासमोर का बोलले नाहीत?

लुशान हे च्यांगशी प्रांतातलं थंड हवेचं ठिकाण. मिशनऱ्यांनी आणि परदेशी व्यापाऱ्यांनी बांधलेले बंगले, धुकं, पाइनची झाडं. २ जुलै १९५९ ला तिथे पक्षाच्या वरिष्ठांची बैठक सुरू झाली. सुरुवातीला वातावरण मोकळं होतं. मोठ्या झेपेतल्या चुका मान्य करून त्या दुरुस्त करायच्या, असाच सूर होता. पेंग वायव्य गटात होते आणि तिथे ते अनेकदा परखड बोलले. पण गटाच्या इतिवृत्तात त्यांचे टोकदार मुद्दे येत नव्हते. बैठक गुंडाळली जाणार आणि चुका तशाच राहणार, असं त्यांना दिसू लागलं.

१३ जुलैला सकाळी ते माओंच्या बंगल्यावर गेले. माओ रात्रभर जागून सकाळी झोपत. पहारेकऱ्यानं सांगितलं, आत्ताच झोपलेत. १९५१ मध्ये पेंग दार ढकलून आत गेले होते, या वेळी ते परत फिरले. खोलीवर येऊन पत्र लिहायला बसले आणि १४ जुलैला ते माओंकडे पोचतं केलं. त्या सकाळी ते आत गेले असते तर काय झालं असतं, याचा विचार केल्यावाचून राहवत नाही.

पत्रात एवढं काय जहाल होतं?

जवळपास काहीच नाही, आणि तेच वाचताना चटका बसतो. पत्राच्या पहिल्या भागात १९५८ च्या यशाचा गौरव आहे. माओंवर थेट टीका नाही. धोरणाची दिशा बरोबर आहे, असंच म्हटलं आहे. दुसऱ्या भागात ते सांगतात की आकडे फुगवण्याची सवय देशभर पसरली, त्यामुळे खरी परिस्थितीच कळेनाशी झाली, घरगुती भट्ट्यांमध्ये माणसं, पैसा आणि साहित्य वाया गेलं. ‘निम्न-बूर्झ्वा उन्माद’ (मार्क्सवादी भाषेत उतावीळ, भडक अतिरेक) हा पत्रातला सर्वांत बोचरा शब्दप्रयोग. भट्ट्यांबद्दल त्यांनी ‘तोटा झाला, फायदाही झाला’ असं लिहिलं होतं. तोटा आधी का लिहिला, यावरूनही नंतर त्यांना धारेवर धरलं.

पत्र खासगी होतं. माओंनी १६ जुलैला त्याच्या प्रती छापून सगळ्यांना वाटल्या. पेंग यांनी ते मागे घेऊ द्या अशी विनंती केली, पण आता उशीर झाला होता.

मग माओ एवढे का उखडले?

माझ्या मते तीन गोष्टी एकत्र आल्या. पत्र लिहिणारा हा देशाचा संरक्षणमंत्री होता, म्हणजे त्याच्या हाती फौज होती. दुसरं, पत्राला पाठिंबा मिळू लागला. लष्करप्रमुख हुआंग ख-छंग, हुनानचे पक्षसचिव चौ शियाओ-चौ आणि उपपरराष्ट्रमंत्री चांग वन-थिएन हे पेंग यांच्या बाजूनं बोलले. चांग यांनी २१ जुलैला तीन तास भाषण करून एकेक चूक मांडली. तिसरं म्हणजे सगळं खरं होतं आणि माओंना ते ठाऊक होतं.

२३ जुलैला माओ बोलले. पोलाद आणि कम्यून या दोन बाबतीत जबाबदारी आपली आहे, असं त्यांनी त्या भाषणात मान्यही केलं. पण त्याच दमात सांगितलं की टीका अशीच चालू राहिली तर आपण खेड्यात जाऊन शेतकऱ्यांची नवी फौज उभारू. लष्कराला आमच्यामागे यायचं नसेल तर आम्ही दुसरी लाल सेना काढू. सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं की आता धान्याचा हिशेब संपला. पेंग की माओ, एवढंच ठरवायचं राहिलं होतं.

पुढच्या बैठकांमध्ये पेंग यांचा तोल गेला. येनानमध्ये तुम्ही मला ४० दिवस आईवरून शिव्या घातल्या, मी २० दिवस घातल्या तर चालत नाही, अशा अर्थाचं ते बोलून गेले. मूळ शब्द याहून शिवराळ होते. हे वाक्य त्यांच्याविरुद्ध अनेक वर्षं वापरलं गेलं.

बाकीचे नेते गप्प का बसले? त्यांना खरं माहीत नव्हतं का?

माहीत होतं. राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओ-ची यांना माहीत होतं, पंतप्रधान चौ एन-लाय यांना माहीत होतं. चू तेह यांनी सौम्य शब्दांत पेंग यांची बाजू सावरायचा प्रयत्न केला, तर त्यांनाच आत्मटीका करावी लागली. लिन बिआव यांना खास बोलावून घेतलं गेलं. त्यांनी पेंग यांना महत्त्वाकांक्षी, ढोंगी म्हटलं आणि महिन्याभरात पेंग यांची खुर्ची मिळवली.

या गप्प बसण्याला नुसता भेकडपणा म्हणून सोडून देता येत नाही. ही माणसं तुरुंग, उपासमार, युद्ध यांतून तावून निघाली होती. पण पक्षाची एकी मोडली तर क्रांती बुडेल, ही श्रद्धा त्यांच्या हाडात भिनली होती. पेंग यांच्याही. म्हणूनच शेवटी त्यांनीही चुकांची कबुली दिली आणि माओंना तीन वचनं दिली: आत्महत्या करणार नाही, क्रांतीशी द्रोह करणार नाही आणि स्वतःच्या कष्टावर जगेन. १६ ऑगस्टला बैठक संपली तेव्हा पेंग आणि त्यांचे तीन साथीदार ‘पक्षविरोधी टोळी’ ठरले होते.

रशियाशी संगनमत केल्याचा आरोप खरा होता का?

त्याला कधीच पुरावा मिळाला नाही. एप्रिल ते जून १९५९ पेंग लष्करी शिष्टमंडळ घेऊन पूर्व युरोप, सोव्हिएत संघ आणि मंगोलियाच्या दौऱ्यावर होते. अल्बेनियात त्यांची आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची भेट झाली. परत आल्यावर महिन्याभरात पत्र आलं आणि त्याच सुमारास ख्रुश्चेव्ह यांनी पोलंडमध्ये कम्यूनच्या कल्पनेवर टीका केली. एवढ्या योगायोगावर आरोप उभा राहिला. १९६२ मध्ये सात हजार कार्यकर्त्यांच्या परिषदेत लिऊ शाओ-ची यांनी दुष्काळाचा मोठा दोष माणसांवर जातो हे कबूल केलं, पण पेंग यांना मात्र परदेशी संबंधांचं कारण देऊन माफी नाकारली. पेंग यांना हे फार लागलं.

त्यांना हटवल्याचा देशावर काय परिणाम झाला?

पेंग यांच्या आयुष्यापेक्षाही हा प्रश्न मोठा आहे. जुलै १९५९ पर्यंत धोरण मवाळ होत चाललं होतं. लुशाननंतर उलटं झालं. ‘उजव्या संधिसाधूपणा’विरुद्ध मोहीम निघाली, खरे आकडे सांगणारे लाखो कार्यकर्ते तिच्यात भरडले गेले. आता कुठला तालुकासचिव पीक कमी आलं म्हणून कळवणार? १९५९ चं उत्पन्न १७ कोटी टनांवर घसरलं, १९६० चं साडेचौदा कोटींच्याही खाली. तरी १९५९ मध्ये ६.७ कोटी टन धान्य लेव्ही म्हणून उचललं गेलं आणि ४० लाख टनांहून अधिक निर्यातही झालं. शेतकऱ्यांनी धान्य लपवलंय म्हणून घरांच्या झडत्या झाल्या, मारहाण झाली. होनान प्रांतातल्या एकट्या शिनयांग भागात सुमारे १० लाख माणसं मेली.

देशभरातल्या बळींचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. आकड्यावर वाद आहे, दुष्काळ झाला यावर नाही. आणि सर्वांत जास्त मृत्यू १९६० मध्ये झाले, म्हणजे पत्रानंतर.

पद गेल्यावर ते कुठे राहिले?

पेकिंगच्या पश्चिमेला, उन्हाळी राजवाड्याजवळच्या वू कुटुंबाच्या जुन्या बागेत. चुंगनानहाय ही नेत्यांची वसाहत सोडताना त्यांनी मार्शलचा गणवेश आणि मौल्यवान वस्तू सरकारजमा केल्या. नव्या जागी त्यांनी तळं साफ केलं, भाज्या लावल्या आणि जमिनीचा एक अगदी छोटा तुकडा, जेमतेम ६५-७० चौरस मीटरचा, गव्हासाठी राखून ठेवला. खणणं, खत घालणं, पाखरं हाकणं, सगळं स्वतः केलं. एका तुकड्यात जीव ओतून मेहनत केली तर गहू जास्तीत जास्त किती येतो, हे त्यांना मोजायचं होतं. आलेल्या पिकाचं वजन केलं तेव्हा वर्तमानपत्रांतले एकरी आकडे किती अशक्य होते, ते सिद्ध झालं. मंत्रिपद गेलेला ६० वर्षांचा माणूस एका वाफ्यात उभा राहून सरकारी आकडेवारी तपासत होता.

जून १९६२ मध्ये त्यांनी ८० हजार अक्षरांचं निवेदन पक्षाला दिलं. आपलं सगळं आयुष्य त्यात मांडलं आणि चौकशी करा, अशी मागणी केली. त्यावरही ‘हा पुन्हा डोकं वर काढतोय’ असा निकाल लागला.

१९६२ च्या भारत-चीन युद्धात त्यांचा हात होता का?

नाही. तेव्हा संरक्षणमंत्री लिन बिआव होते आणि पेंग त्या बागेत जवळपास नजरकैदेत होते. ऑगस्ट १९५९ मधली भारत-चीन सीमेवरची लोंगजूची चकमक झाली त्या वेळी ते नावापुरते पदावर होते, पण दहा दिवस आधीच लुशानला त्यांच्यावर शिक्का बसला होता. ऑक्टोबरमधल्या कोंगका खिंडीच्या घटनेपर्यंत पदही गेलं होतं. मार्च १९५९ मध्ये तिबेटमधला उठाव मोडून काढला गेला तेव्हा मात्र संरक्षणमंत्री तेच होते. ती जबाबदारी त्यांच्या नावावर राहतेच.

एका नाटकाचा आणि त्यांचा काय संबंध?

इतिहासकार वू हान यांनी मिंग काळातल्या हाय रुई या प्रामाणिक अधिकाऱ्यावर नाटक लिहिलं होतं. बड्यांनी बळकावलेल्या जमिनी शेतकऱ्यांना परत द्यायला लावल्यामुळे त्याची नोकरी जाते. नोव्हेंबर १९६५ मध्ये याओ वन-युआन यांनी या नाटकावर लेख लिहून हल्ला चढवला आणि पुढच्याच महिन्यात माओंनी म्हटलं की पेंग देहुआई हाच हाय रुई. सांस्कृतिक क्रांतीची, म्हणजे माओंनी पक्षातल्याच लोकांवर तरुणांना सोडलं त्या उलथापालथीची, ठिणगी इथे पडली.

विचित्र भाग असा की त्याआधी दोनच महिने माओंनी पेंग यांना जेवायला बोलावलं होतं, कदाचित सत्य तुमच्या बाजूला असेल असं म्हटलं होतं आणि त्यांना नैर्ऋत्य चीनमधल्या संरक्षण उद्योगांच्या कामासाठी छंगतूला जायला राजी केलं होतं. पेंग यांनी त्या शब्दांवर विश्वास ठेवला.

शेवट कसा झाला?

डिसेंबर १९६६ मध्ये रेड गार्डनी (माओभक्त विद्यार्थ्यांच्या टोळ्यांनी) त्यांना छंगतूच्या घरातून उचललं आणि पेकिंगला आणलं. जुलै १९६७ मध्ये विद्यार्थ्यांनी त्यांना जमिनीवर आपटून आपटून मारलं, बरगड्या मोडल्या. गळ्यात पाटी अडकवून रस्त्यांवर फिरवलं. चौकशीला शंभराहून अधिक वेळा बसवलं. आपण कट केला हे त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. वारंवार तेच प्रश्न विचारले जात, ते वारंवार तीच उत्तरं लिहून देत. हेच कागद पुढे त्यांचं आत्मकथन म्हणून छापले गेले.

१९७३ मध्ये गुदाशयाचा कर्करोग असल्याचं निघालं. इस्पितळाच्या खोलीच्या खिडक्यांना कागद चिकटवलेला होता. २९ नोव्हेंबर १९७४ ला ते वारले. दहन वांग छुआन या खोट्या नावानं झालं आणि अस्थी छंगतूला पाठवून दिल्या. मृत्यू जाहीर झाला नाही.

त्यांच्या पत्नीनं त्यांना सोडलं, हे खरं का?

फू आन-शिऊ आणि पेंग यांचं लग्न १९३८ चं. लुशाननंतर फू यांच्यावर नोकरीच्या ठिकाणी सतत दबाव होता आणि १९६२ मध्ये त्यांनी घटस्फोट मागितला. तो रीतसर मंजूर झाल्याची नोंद नाही. सांस्कृतिक क्रांतीत त्यांनाही बदडून काढलं गेलं. १९७८ नंतर पेंग यांचे कागद जुळवून प्रसिद्ध करण्यात त्यांनी उरलेलं बळ खर्च केलं. दूर बसून त्यांना दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. मूलबाळ नव्हतं. पुतणी मात्र शेवटपर्यंत काकांना धरून राहिली आणि त्यांची हस्तलिखितंही तिनं जपली.

पेंग यांचे स्वतःचे दोष काय?

आहेत, आणि ते लपवून त्यांचा मोठेपणा वाढत नाही. १९५८ मध्ये लष्करात ‘पोथीनिष्ठते’विरुद्ध मोहीम झाली. तिच्यात लिऊ पो-छंग, सू यू, शियाओ ख यांच्यासारख्या सेनानींना अपमानित केलं गेलं. त्या वेळी पेंग खुर्चीवर होते आणि त्यांनी ते होऊ दिलं. कोरियात १९५१ च्या वसंतातली पाचवी चढाई फसली, एक आख्खी डिव्हिजन जवळपास संपली. ती आपली चूक असल्याचं त्यांनीच पुढे मान्य केलं. रागाच्या भरात ते हाताखालच्या अधिकाऱ्यांना वाटेल ते बोलत, म्हणून लुशानला त्यांच्या बाजूनं उभं राहायला मित्र थोडे उरले.

महाराष्ट्राशी या विषयाचा काही धागा जुळतो का?

दोन जुळतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या आठव्या मार्ग सेनेत काम करत १९४२ मध्ये गेले, तिचे उपसेनापती पेंग होते. जपान्यांशी त्या काळात झालेल्या लढायांतले जखमी कोटणीसांच्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर येत. दुसरा धागा कोरियाचा. पेंग यांनी सही केलेल्या शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांना सांभाळायची जबाबदारी भारताच्या सैन्यदलाकडे आली. त्या दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शं. पां. पा. थोरात.

त्यांना न्याय मिळाला का?

डिसेंबर १९७८ मध्ये पक्षानं निकाल फिरवला. २४ डिसेंबरला पेकिंगमध्ये शोकसभा झाली, डेंग शाओपिंग यांनी श्रद्धांजलीचं भाषण केलं. खोट्या नावाच्या अस्थी शोधून आणाव्या लागल्या. १९८१ च्या ठरावात लुशानचा निर्णय सर्वस्वी चुकीचा होता, असं पक्षानं लेखी मान्य केलं. पेंग यांचं नाव स्वच्छ झालं, पण त्या दुष्काळावर मोकळेपणानं बोलणं चीनमध्ये आजही अवघड आहे. पुतळा उभारायला पक्ष राजी आहे. पत्रातल्या भुकेचा हिशेब मांडायला नाही.

लुशानच्या बाकी लोकांचं पुढे काय झालं?

चौ शियाओ-चौ यांनी डिसेंबर १९६६ मध्ये आत्महत्या केली. चांग वन-थिएन १९७६ मध्ये राजधानीपासून दूर वूशीत वारले. ज्यांनी माफी नाकारली ते लिऊ शाओ-ची १९६९ मध्ये खायफंगला कैदेत गेले, उपचाराविना. लिन बिआव यांचं विमान १९७१ मध्ये मंगोलियात कोसळलं. पेंग यांच्या चौकशी समितीचे प्रमुख हो लुंगही १९६९ मध्ये छळात मेले. हुआंग ख-छंग तेवढे वाचले. १९७८ नंतर ते पक्षाच्या शिस्तपालन समितीत आले. १९८० मध्ये माओंवर चौफेर टीका सुरू झाली तेव्हा, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, त्यांनी उभं राहून सांगितलं की माओंच्या चुका सांगा, पण सगळं त्यांच्या एकट्याच्या माथी मारू नका, आपणही त्यात होतो.